अकरा जण चेंडूच्या मागे

२०२५ साली पवित्र मरियेच्या जन्माचा सण सोमवारी आला. आमचे बालपण वसईत गेले. तेथे ८ सप्टेंबर म्हणजे फुलांच्या परड्या आणि वडीलधाऱ्यांचे वांद्र्याच्या मोतमावलीला जाण्याचे बेत. रनाळ्यात तो दिवस इतर दिवसांसारखाच उगवतो आणि मावळतो. कापसाला पात्या-फुले लागलेली असतात, मिरचीच्या शेतांतून पाणी निथळत असते आणि नंदुरबारहून आलेली बस काळ्या चिखलाचे शिंतोडे उडवीत थांबते. त्या संध्याकाळी शाळेतली मुले दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाची तालीम करून परतत होती. ९ सप्टेंबर हा हुतात्मा शिरीषकुमारचा दिवस. १९४२ साली नंदुरबारात गोळी झेलणाऱ्या त्या शाळकरी मुलाला हा जिल्हा विसरलेला नाही. आम्ही जपमाळ आटोपून ओसरीवर बसलो होतो. इतक्यात आमचा एक जुना विद्यार्थी हातात मोबाईल घेऊन आला. गावात तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. बोटांवरचे ग्रीस धुऊनही जात नाही.

"सर, आज मॅच शे ना," तो म्हणाला.

मॅच होती भारत आणि ओमान यांची, ताजिकिस्तानातील हिसोर या गावी. मध्य आशियाई फुटबॉल संघटनेच्या नेशन्स कप स्पर्धेतील तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना. जागतिक क्रमवारीत ओमान ७९ वा, आपण १३३ वे. महिनाभरापूर्वी, १ ऑगस्टला, खालिद जमील यांची भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी नेमणूक झाली होती. गोव्याच्या सावियो मेदेरांनंतर तेरा वर्षांनी या जागेवर भारतीय माणूस बसला होता. जमील यांचा जन्म कुवेतचा, पण फुटबॉलचे सारे आयुष्य मुंबईत वाढलेले. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून ते खेळले आणि २००९ पासून सात वर्षे त्यांनी मुंबई एफसी हा संघ सांभाळला. त्या संघाकडे पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू बेताचेच. तरी तो सहजासहजी हरत नसे. पुढे २०१७ साली मिझोरामच्या आयझॉल संघाला त्यांनी आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा कुठे लोकांनी या मितभाषी माणसाकडे वळून पाहिले.

जमील यांच्या खेळाला पुष्कळ लोक नाके मुरडतात. 'हा बसून राहण्याचा खेळ,' असे म्हणतात. आम्हांस तो खेळ ठाऊक आहे. तरुणपणी चर्चमागच्या मैदानात आम्ही उजव्या बगलेला बचाव करीत असू. याचे कारण एवढेच, की आम्ही पळण्यात मंद होतो आणि मंद माणसाला सगळीकडे मागेच उभे करतात. मागे उभे राहणाऱ्यास एक लाभ असतो. त्याला सबंध मैदान दिसते.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी मुले रविवारी मिस्सा संपताच चेंडू घेऊन पळतात, त्यांना हे सांगावयास नको. पण इतरांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. समोरचा संघ आपल्यापेक्षा सरस असला, तर त्याच्याकडून चेंडू हिसकावण्यासाठी मैदानभर धावणे म्हणजे पाठशिवणीत सर्वांत चपळ मुलाच्या मागे लागण्यासारखे आहे. दम आपलाच जातो. म्हणून कमकुवत संघ चेंडू शत्रूच्या हवाली करून टाकतो आणि स्वतः जागा धरून बसतो. चार जण गोलापुढे एका ओळीत. त्यांच्यापुढे दहा-बारा पावलांवर आणखी चार किंवा पाच जणांची दुसरी ओळ. या दोन ओळींमधले अंतर हाच सगळ्या व्यूहाचा प्राण. ते वाढले, की सरस संघाचा कुशल गडी त्या मोकळ्या पट्ट्यात शिरून वळतो आणि मग त्याला आवरता येत नाही. चेंडू डावीकडे गेला की दोन्ही ओळींनी डावीकडे सरकायचे, उजवीकडे गेला की उजवीकडे. मधली वाट बंद ठेवायची आणि बगला उघड्या सोडायच्या. ये बाबा, बाजूने ये आणि तेथून चेंडू उंच टाक. आमचे दोन ताडमाड गडी तो डोक्याने परतवायला उभेच आहेत.

ज्यांनी कबड्डी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमगेल. चढाई करणारा आला की बचावाची साखळी मागे हटते, त्याला आत येऊ देते, कोपऱ्यातला गडी डोळ्यांत तेल घालून वाट पाहतो. मागे हटणे हा तेथे पराभव नसतो, आमंत्रण असते.

आणि आमंत्रणच या खेळाचे दुसरे अंग आहे. सरस संघ जसजसा अधीर होतो तसतसे त्याचे बचावपटूही पुढे सरकतात. त्यांच्या पाठीमागे निम्मे मैदान ओस पडते. नेमक्या त्या क्षणी चेंडू हाती लागला, तर पहिला पास मागे किंवा आडवा द्यायचा नाही, पुढे द्यायचा. चार-पाच सेकंदांचा खेळ असतो. एक जण चेंडू घेऊन पाठमोरा उभा राहतो, दुसरा बगलेतून सुसाट सुटतो. तेवढ्या वेळात काम झाले तर झाले, नाही तर समोरचे परत आपल्या जागी पोचतात आणि पुन्हा दहा मिनिटे दार धरून बसावे लागते. आमच्याकडे कुणी हे सांगताना लगेच गनिमी काव्याचे नाव घेतो. आम्हांलाही मोह होतो. पण ज्या सैन्याला डोंगर आणि रात्र यांची साथ नाही, ज्याला नव्वद मिनिटे लख्ख उजेडात सपाट गवतावर उभे राहायचे आहे, त्याची गोष्ट निराळी आहे.

या व्यूहाचा इतिहास जुना आहे. १९३० च्या दशकात कार्ल रापान नावाच्या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाने स्वित्झर्लंडच्या अर्धवेळ खेळाडूंना धडधाकट व्यावसायिकांपुढे कसे टिकवायचे, या विवंचनेतून तो आकारास आणला. १९३८ च्या विश्वचषकात, पॅरिसमध्ये, त्याच्या स्विस संघाने जर्मनीला पहिल्या सामन्यात १-१ असे रोखले आणि पुन्हा झालेल्या सामन्यात ०-२ ने मागे पडूनही ४-२ असे हरविले. स्विस लोकांनी त्या पद्धतीला फ्रेंच भाषेत जे नाव दिले आणि इटलीने पुढे आपल्या भाषेत जे रूढ केले, त्या दोहोंचा अर्थ एकच, दाराचा अडसर. शोध गरिबाच्या घरी लागला, नावलौकिक मात्र श्रीमंत क्लबांचा झाला, हे जगरहाटीला धरूनच आहे. आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर २००४ ची ग्रीसची गोष्ट आहे. त्या वर्षीच्या युरोपियन स्पर्धेत ओटो रेहागेल या जर्मन प्रशिक्षकाच्या ग्रीक संघाने उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सला, उपांत्य फेरीत चेक संघाला आणि अंतिम सामन्यात लिस्बनमध्ये यजमान पोर्तुगालला, तिघांनाही अवघ्या १-० ने हरविले. पुष्कळ समीक्षकांना त्यात सौंदर्य दिसले नाही. ग्रीसमध्ये मात्र लोक रात्रभर रस्त्यावर नाचले.

आपल्या संघाचाही असा एक दिवस आहे. १० सप्टेंबर २०१९, दोहा. समोर कातर, त्याच वर्षी जपानला हरवून आशियाचा विजेता झालेला. सुनील छेत्री आजारी, कर्णधारपद गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूकडे. बचावात झिंगनच्या जोडीला मुंबईचा राहुल भेके आणि गोव्याचे आदिल खान व मंदार राव देसाई. त्यांच्यापुढे गोव्याचाच रॉलिन बोर्जेस. कातरने सत्तावीस वेळा गोलाच्या दिशेने चेंडू मारला. एकही आत गेला नाही. सामना ०-० असा सुटला. शेवटच्या दहा मिनिटांच्या तोंडावर मणिपूरच्या उदांता सिंगचा एक फटका कातरच्या खांबावर आदळून परतला. तो आत गेला असता तर, हा विचार आजही मनात येतो.

पण त्याच्या पाचच दिवस आधी गुवाहाटीत काय झाले, तेही सांगितले पाहिजे. तेथे समोर ओमानच होता. छेत्रीने पूर्वार्धातच गोल केला आणि आपण ती एका गोलाची पुंजी सांभाळीत मागे मागे सरकत राहिलो. ८२ व्या मिनिटाला ओमानने बरोबरी केली, ९० व्या मिनिटाला विजय नेला. चेंडूच्या मागे पळणारा चेंडू खेळविणाऱ्यापेक्षा लवकर थकतो; पायांआधी त्याचे लक्ष थकते. एखादा गडी आपल्या माणसापासून दोन पावले ढळतो आणि तासाभराची राखण मातीत जाते. शिवाय बचावातून नुसता लाथाडलेला चेंडू पुढे धरून ठेवणारा कुणी नसला, तर तो भिंतीवर मारल्यासारखा अर्ध्या मिनिटात परत येतो. पुढे एक तरी माणूस असा हवा, जो तेथे एकटा उभा राहून बाकीच्या दहांना श्वास घेऊ देईल. या एकट्याविषयी फार कमी बोलले जाते.

आमच्या आयुष्यातली या विषयावरची एक गोष्ट आहे, ती सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहावयास घेतला.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात शाळांच्या जिल्हा पातळीवरील फुटबॉल सामन्यांना आम्ही आमची मुले घेऊन गेलो. तेव्हा आम्ही येथे शिक्षक होतो. मैदान म्हणजे बाभळीच्या काट्यांनी वेढलेले काळ्या मातीचे रान. गोलाचे खांब बांबूचे. बहुतेक मुले अनवाणी. खेळाडू कसले, कबड्डीतून उचललेले गडी. उपांत्य सामन्यात समोर बूट घातलेला, शिस्तीत सराव केलेला एक संघ होता. आदल्या रात्री आम्ही पाटीवर खडूने नऊ ठिपके दोन ओळींत मांडले, मागे एक ठिपका गोलरक्षकाचा आणि पुढे, खूप पुढे, एक ठिपका एकटा काढला. "हा तू," असे आम्ही वर्गातल्या सर्वांत चपळ मुलाला सांगितले. तो हसला होता. त्याला वाटले, हा मानाचा ठिपका आहे.

पाऊस पडत होता. काळ्या मातीत चेंडू दोन हात गेला की रुतून बसे. आखूड पास देणाऱ्या त्या सरस संघाची अडचण आमच्या पथ्यावर पडली. कबड्डीच्या मुलांना एकमेकांना झाकून उभे राहण्याचे शिक्षण देण्याची गरजच नव्हती. सामना ०-० सुटला आणि पेनल्टीवर आम्ही जिंकलो. मुलांनी गोलरक्षकाला खांद्यावर घेतले. पुढच्या ठिपक्याला त्या सबंध सामन्यात चेंडू किती वेळा मिळाला, हे आमच्या ध्यानातही आले नाही.

अंतिम सामन्यातही तेच डावपेच. पण दुसऱ्या अर्धात आम्ही घाबरलो. हे आम्हांला आता कबूल करता येते. कडेला उभे राहून आम्ही पुढच्या मुलाला हात करीत राहिलो, "मागे ये, मागे ये." तो यायचा, मदत करायचा, चेंडू सुटला की चिखलातून पुन्हा पुढे धावायचा, तोवर चेंडू गेलेला असायचा. सामना संपत आला असता एकदाचा त्याला चेंडू मिळाला. समोर फक्त गोलरक्षक. पाय उचलेनात. फटका हातभर बाहेर गेला. लगेच समोरच्यांनी गोल केला आणि आम्ही ०-१ हरलो. मैदानाबाहेर येताना आम्ही त्याला सर्वांदेखत म्हणालो, "एवढं एकच काम होतं तुला."

दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला आला नाही. आम्ही त्याच्या आईकडे एकदा चौकशी केली. ती म्हणाली, शेतावर काम आहे. आम्ही ते खरे मानले. शिक्षकाला सोयीची उत्तरे लवकर पटतात.

मोबाईल घेऊन आलेला विद्यार्थी तो हाच.

हिसोरच्या स्पर्धेत आपला संघ कसा खेळला, ते त्याने आम्हांस आधीच रंगवून सांगितले होते. २९ ऑगस्टला यजमान ताजिकिस्तानविरुद्ध पहिल्या पंधरा मिनिटांतच अन्वर अली आणि संदेश झिंगन या दोन बचावपटूंनी गोल केले आणि पुढचा सगळा वेळ ती पुंजी राखली. गुरप्रीतने एक पेनल्टीही अडविली. २-१. इराणविरुद्ध मध्यंतरापर्यंत दार बंद होते. पहिला गोल तासाभराने झाला आणि उरलेले दोन ८९ व्या मिनिटापासून पुढे, पाय संपल्यावर. त्या सामन्यात झिंगनच्या गालाचे हाड मोडले. अफगाणिस्तानविरुद्ध मात्र ०-० ने हात हलवीत परतावे लागले. जो संघ आपल्याप्रमाणेच मागे बसतो, त्याच्यापुढे आपल्याला काय करावे ते सुचत नाही, हे त्या दिवशी दिसले.

ओमानने ५५ व्या मिनिटाला गोल केला. आमच्या ओसरीवर आता चार-पाच मुलेही जमली होती. आमचा विद्यार्थी चेंडूकडे पाहतच नव्हता. त्या बोटभर चित्रात तो पुढच्या माणसाला शोधीत होता.

"सर, देखा. तो एकलाच पळी ऱ्हायना," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "त्याले कोणी बॉलच देत नही."

८० व्या मिनिटाला उदांताने गोल केला. सहा वर्षांपूर्वी दोह्यात ज्याचा फटका खांबाला लागला होता, तोच उदांता. पोरे ओरडली. पुढचा जादा वेळही बरोबरीतच सरला आणि पेनल्टी आल्या. छांगटे, भेके आणि जितिन यांनी आपापले काम केले; अन्वर अली आणि, पाहा दैव, उदांता चुकले. अखेरचा फटका गुरप्रीतने अडविला आणि आपण ३-२ ने जिंकलो. सगळे गुरप्रीतकडे धावले. मुले आमच्या अंगणातल्या चिखलात नाचू लागली.

तो नाचला नाही. मोबाईल गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "उदांताले कोणी बोलणार नही ना, सर?"

आम्ही म्हणालो, "त्याने गोल केलाय. त्याला कोण बोलेल?"

"गोल कया नसता तर?"

या प्रश्नाचा रोख आमच्या लक्षात यायला जरा वेळ लागला, आणि आल्यावर काय बोलावे ते सुचेना. सव्वीस वर्षे तो आमच्या घरी येतो. आमची मोटार त्याने कितीदा दुरुस्त केली, पैसे घेतले नाहीत. नाताळात आमच्या घरचा फराळ त्याच्या घरी जातो. तेवढ्या वर्षांत त्या वाक्याचा उच्चार त्याने एकदाही केला नव्हता. त्या दिवशीही त्याने तो केला नाही. शेवटी आम्हीच म्हणालो, "तू पुढे राहायला हवं होतंस. मागे आम्ही बोलावलं. चूक आमची होती." तो मान खाली घालून ग्रीस लागलेले नख खरवडीत राहिला. मग म्हणाला, "मी तुमनाकडेच देखी ऱ्हायंतू, सर. बॉलकडे नही." पुढे बोलणे झाले नाही. चहा निवला होता, तो पुन्हा ठेवला.

ऑक्टोबरात भारताचे सिंगापूरशी दोन सामने झाले, आशियाई चषकाच्या पात्रतेचे. ९ तारखेला सिंगापुरात झिंगन मध्यंतरानंतर लगेचच बाहेर काढला गेला. एका गोलाने मागे पडलेल्या दहा जणांनी दार धरून ठेवले आणि ९० व्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. १४ तारखेला मडगावच्या फातोर्डा मैदानावर अकरा जण होते, घरचे प्रेक्षक होते, छांगटेने चौदाव्या मिनिटाला गोलही केला होता. जिंकणे भाग होते. आपण १-२ ने हरलो आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार लागले. वर्तमानपत्रांतून जमील यांच्यावर टीका झाली. आम्हांला ती सगळीच अन्याय्य वाटली नाही. दाराला अडसर घालण्याची विद्या त्यांच्यापाशी आहे. पण घराबाहेर पडण्याची वेळ आली तेव्हा मुलांना वाट माहीत नव्हती. वर्षानुवर्षे ज्यांना चेंडू दूर फेकावयासच शिकविले, त्यांच्याकडून एका संध्याकाळी तो खेळवून घेण्याची अपेक्षा कशी करावी? दोष एका प्रशिक्षकाचा नाही, हेही तितकेच खरे. आमच्या शाळेच्या मैदानापासून त्याची सुरुवात होते.

त्या मैदानावर हल्ली संध्याकाळी पंधरा-वीस पोरे जमतात. आमचा विद्यार्थी दुकान बंद करून तेथे जातो. शिट्टी त्याच्या गळ्यात असते. आम्ही कडेच्या दगडावर बसतो. आता गुडघे साथ देत नाहीत. तो पुढे दोघांना ठेवतो. कितीही दबाव आला तरी त्यांना मागे बोलावीत नाही आणि दोघांनी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर राहावे, एवढीच त्याची सक्त ताकीद असते. परवा शेजारच्या गावातील मुलांशी सामना झाला. पोरांनी दोन गोल केले आणि चार खाल्ले. तिसरा होत असताना आम्ही उठून हात वर केला होता. त्याने आमच्याकडे पाहिले, हसला आणि पुन्हा मैदानाकडे तोंड केले.